पाचांसमोरचा शब्द

माळवाडी, लोणंद
९ ऑगस्ट १९७८

चि. कृष्णात यास तात्याचे आशीर्वाद.

परवा लोणंदच्या बाजारात आप्पासो भेटला. त्याची लेक तुमच्या कारखान्याच्या गावात दिलेली आहे. कांद्याच्या गोणीवर बसून चार लोकांत मला म्हणाला, "नाथाजी, तुझ्या मास्तराला घरी बसवलाय म्हनं." मी म्हणालो, "सुट्टी आसंल." तो हसला. "श्रावनात कसली रं सुट्टी गड्या?" एवढी वर्षं पलटणीत काढली, पण असा भर बाजारात बिनहत्यारी कधी सापडलो नव्हतो.

मागच्या पत्रात तू कृष्णेच्या पाण्याचं लिहिलंस, सूनबाई शालनच्या आईच्या डोळ्यांचं लिहिलंस. नोकरीबद्दल अक्षर नाही. बापानं पोराची खबर कांद्याच्या गोणीवरून ऐकायची काय? जे असेल ते रपोट देतात तसं सरळ लिही. तुझी आई माझ्यावरच चिडली आहे, जेवायला वाढताना ताट आपटते.

तात्या


सांगली
१५ ऑगस्ट १९७८

तीर्थरूप तात्या, साष्टांग नमस्कार.

लपवलं हे खरं. तुम्हाला त्रास नको म्हणून लपवलं, आणि तुम्हाला तो बाजारात झाला. रागावलात ते बरोबरच आहे.

मला निलंबित केलं आहे. चोरी नाही, लबाडी नाही, बाईमाणसाची भानगड नाही, हे आईला आधी सांगा. सहकार हा माझा विषय. वर्गातल्या मुलांना घेऊन दोन हंगाम कारखान्याच्या हद्दीत फिरलो आणि कुणाचा ऊस आधी तुटतो, कुणाचा मागं राहतो, ते पाहिलं. नियमानं ज्याची लागण आधी त्याला तोड आधी मिळायला हवी. मिळते ती संचालकांच्या नात्यानं. त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांचा ऊस थंडीतच गाडीत चढतो आणि उरलेल्यांचा उन्हाळ्यात वाळून चिपाड होतो. जुलैत विद्यापीठाच्या चर्चासत्रात मी हे वाचून दाखवलं. नाव कुणाचं घेतलं नाही. पण कारखान्याचे चेअरमन बापूसाहेब आणि आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब हे एकच गृहस्थ. खाई त्याला खवखवे. आठवड्यात नोटीस आली: संस्थेची बदनामी, गैरवर्तन.

"चूक झाली" एवढं लिहून द्या नि उद्या कामावर या, असं प्राचार्य म्हणतात. मी देणार नाही, कारण चूक झालेली नाही.

माझा वकील मित्र कुतुबुद्दीन म्हणतो, घाबरू नकोस. घटनेतलं बोलण्याचं स्वातंत्र्य सरकारपुढं चालतं, खाजगी संस्थेच्या अध्यक्षापुढं त्याचा फारसा उपयोग नाही. पण आता विद्यापीठाचा कायदा आहे. प्राध्यापकाला काढायचं तर रीतसर चौकशी लागते, साक्षीपुरावा लागतो, आणि वर दाद मागायला न्यायाधिकरण आहे. त्यांच्याकडं माझ्याविरुद्ध एकही साक्षीदार नाही. मी बोललो ते खरं आहे हे सगळा तालुका जाणतो.

तुम्हाला एक गंमत सांगतो. ही शिकवणाऱ्याच्या संरक्षणाची गोष्ट तुमच्याच मुलखात सुरू झाली. तुम्ही इटलीत लढलात ना, तिथल्या बोलोन्या गावात आठशे वर्षांपूर्वी विद्यापीठ उभं राहत होतं. तेव्हा जर्मनीचा बादशहा फौज घेऊन तिथं आला. तिथले गुरुजी आणि विद्यार्थी गावाबाहेर त्याच्या छावणीत गेले, त्याच्यापुढं गाऱ्हाणं मांडलं, आणि बादशहानं हुकूम काढला की विद्येसाठी फिरणाऱ्याला कुणी हात लावायचा नाही, त्याचा न्याय त्याच्या गुरुजींनीच करायचा. पुढचं सगळं त्यातून आलं. म्हणजे तुमच्या पोराचा खटला बराच जुना आहे.

आपला
कृष्णात


माळवाडी
२४ ऑगस्ट १९७८

चि. कृष्णातास आशीर्वाद.

पत्र तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवलं. बाईमाणसाचं वाक्य तिनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं. आता ताट आपटत नाही.

तुझं ते बोलोन्या मी पाहिलंय. लढाई संपल्यावर आमच्या गाड्या त्याच गावावरनं गेल्या. दोन उंच मनोरे आहेत, त्यातला एक कललेला. आम्ही पैज लावली होती की हा पडणार. तिथं शाळा असेल असं कुणाला वाटलं नाही, गावात अन्नाचीच मारामार होती. पण तुझी बादशहाची गोष्ट मला पटली. ती पोरं शहाणी होती. ज्याच्या हातात ताकद, त्याच्याच तंबूत गेली. वाकली, मागितलं आणि घेऊन आली. तू मात्र ताठ उभा राहून म्हणतोस, कायदा आहे. अरे, कायदा काढला कुणी? बादशहानंच ना?

आणि हे बापूसाहेब म्हणजे आमच्या अर्जुनाचे धाकटे भाऊ. अर्जुना माझ्या सेक्शनमध्ये होता. सेन्यो नदीच्या काठावर तो माझ्या शेजारी पडला. त्याचं घड्याळ मीच त्यांच्या घरी पोचवलं होतं, तेव्हा हे बापूसाहेब मिसरूड न फुटलेलं पोर होतं. माझ्या गळ्यात पडून रडलं होतं. तू हे मला आधी सांगायला हवं होतंस.

बघू. तू तब्येतीला जप.

तात्या


सांगली
१२ सप्टेंबर १९७८

तीर्थरूप तात्यांस नमस्कार.

आज शालननं शिरा केलाय. चौकशी पुढच्या आठवड्यात होती, आणि काल संस्थेचा शिपाई निरोप घेऊन आला की चौकशी रद्द, तुम्ही यायची गरज नाही. कुतुबुद्दीन टाळी देऊन म्हणाला, "डर गये!" साक्षीदार मिळाला नसणार. मुलं तर माझ्या बाजूनं बोलायला रांगेत उभी होती. आता कामावर या असं पत्र येईल.

अर्जुनाकाकांची हकिकत मला पहिल्यांदाच कळली. तुम्ही कधी बोलला नव्हता. पण तात्या, बादशहाचं तुम्ही उलटं धरलंत. ते लोक छावणीत गेले ते हक्क मागायला, माफी मागायला नव्हे. दोन्हींत फरक आहे. दिवाळीला आलो की सांगेन.

कृष्णात


माळवाडी
१३ सप्टेंबर १९७८

चि. कृष्णातास अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर तू कामावर गेला असशील. आता सांगायला हरकत नाही. मी येऊन गेलो. तुझ्या घरी आलो नाही, कारण तू अडवलं असतंस.

लोणंदहून पहाटेची गाडी धरली आणि थेट बापूसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. नाव सांगितल्यावर स्वतः पायरी उतरून आले. "आवं, तुमी उन्हात उभं का?" म्हणाले. अर्जुनाच्या फोटोखाली मला बसवलं. त्यांच्या म्हाताऱ्या आईनं, बनुबाईनं, माझे हात तोंडावरून फिरवून घेतले. मग मी विषय काढला. बापूसाहेब म्हणाले, "हवालदार, तुमचा शब्द मला लाखाचा. पन मी एकटा न्हाई, संस्था हाय. पाच मानसं बोलावतो, त्येंच्या म्होरं बोला."

प्राचार्य आले, तीन संचालक आले, एक वकील होता. पानसुपारी मांडली. मी उभा राहिलो, फेटा काढला आणि त्यांच्या पायांपाशी ठेवला. म्हणालो, "पोराच्या वतीनं सांगतो. त्येचं चुकलं. तरुन रगत हाय. त्येला पदरात घ्या." बापूसाहेबांनी फेटा उचलून स्वतः माझ्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, "मिटलं." पाचामुखी परमेश्वर. मला गाडीपर्यंत सोडायला जीप दिली.

तू रागावशील. रागाव. पण तू लिहून दिलेलं नाहीस, तुझी मान ताठच आहे. वाकलो तो मी, आणि बापाला पोरासाठी वाकायची लाज नसते. आपल्यात भाऊबंदकी असो की खून असो, असंच मिटत आलंय.

तात्या


सांगली
२३ सप्टेंबर १९७८

तात्या,

मिटलं. तुमच्या बापूसाहेबांचं पत्र काल आलं. "प्राध्यापकांनी आपल्या वडिलांमार्फत पाच प्रतिष्ठित व्यक्तींसमोर गुन्हा कबूल केल्याने चौकशीची आवश्यकता उरली नाही. सबब सेवेतून कमी करण्यात येत आहे."

कळलं का? त्यांच्याकडं साक्षीदार नव्हता. तुम्ही लोणंदहून एसटीनं नेऊन दिलात. कायद्यानं माझ्याभोवती एकच भिंत बांधली होती, ती चौकशीची. कबुली असली की चौकशी लागत नाही. त्या पाचांतला जो वकील होता ना, तो पानसुपारी खायला आला नव्हता.

मी तुम्हाला स्पष्ट लिहिलं होतं, चूक झालेली नाही. दोन हंगाम ऊन डोक्यावर घेऊन ज्या मुलांनी शेतं हिंडून माहिती आणली, ती आता मला विचारतात, "सर, आपलं खोटं होतं का?" काय सांगू? माझ्या बापाला वाटलं म्हणून खोटं होतं?

शालन तुमची बाजू घेते. म्हणते, मायेपोटी केलं. माया मला कळते. पण मी छत्तीस वर्षांचा आहे, तात्या. माझं तोंड मला आहे.

कृष्णात


माळवाडी
४ ऑक्टोबर १९७८

कृष्णात,

तुझं पत्र वाचलं. आईला वाचून दाखवलं नाही. सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं.

बापूसाहेबांनी दगा दिला. अर्जुनाच्या फोटोखाली बसून दिला. मी काल पुन्हा गेलो होतो. साहेब मुंबईला गेलेत म्हणून फाटकावरनंच परत पाठवलं. आत जीप उभी होती.

पण तुलाही एक विचारतो. तुझा तो आठशे वर्षांचा कायदा एका म्हाताऱ्याच्या फेट्यानं पडत असेल, तर तो कसला कायदा? आमच्याकडं कुडाची भिंतसुद्धा याहून घट्ट घालतात. तू म्हणतोस तुझं तोंड तुला आहे. लहानपणी तुझ्या प्रत्येक खोडीचं उत्तर मीच देत आलो. तुला तोंड कधी फुटलं ते मला कुणी कळवलं नाही. तू तर नोकरी गेल्याचंसुद्धा कळवलं नव्हतंस.

मला वाईट वाटतंय. ते नीट लिहिता येत नाही.

तात्या


सांगली
८ जानेवारी १९७९

तीर्थरूप तात्यांस नमस्कार.

तीन महिने लिहिलं नाही. रागात लिहिण्यापेक्षा बरं, असं वाटलं.

न्यायाधिकरणापुढं दावा उभा राहिलाय. ते पाचही जण शपथेवर सांगणार आहेत की कबुली झाली, आणि ती माझ्या संमतीनं झाली. कुतुबुद्दीन म्हणतो, हे मोडायला एकच माणूस आहे. तुम्ही. तुम्ही येऊन सांगायला हवं की मी तुम्हाला पाठवलं नव्हतं, उलट नकार कळवला होता, आणि तुम्ही मला न विचारता बोललात.

याचा अर्थ मला कळतो. त्याच पाच माणसांसमोर तुम्हाला म्हणावं लागेल की मी दिलेला शब्द माझ्या हक्काचा नव्हता. तुम्हाला गावात निवाड्याला बोलावतात ते त्या शब्दावरच. म्हणून मी आग्रह करणार नाही. पण तुम्ही आला नाहीत तर माझं बोलणं कायमचं खोटं ठरेल. मला नोकरी मिळेल कुठंतरी. मुलांना घेऊन जे शोधलं ते मात्र पुन्हा कुणी बोलणार नाही. मला ते बोलायचंय, तात्या. त्या निबंधाचा दुसरा भाग अजून लिहायचाय. त्यासाठी मागतोय.

कृष्णात


माळवाडी
१६ जानेवारी १९७९

चि. कृष्णात,

येतो. तारीख कळव.

तात्या


सांगली
२२ जून १९७९

तीर्थरूप तात्यांस साष्टांग नमस्कार.

आपण जिंकलो. बडतर्फी रद्द. सोमवारपासून कामावर जायचं.

त्या दिवशी साक्ष झाल्यावर तुम्ही न जेवता एसटी धरलीत, म्हणून बोलायचं राहिलं ते आज लिहितो. त्यांच्या वकिलानं तुम्हाला विचारलं, "हवालदारसाहेब, बापूसाहेबांच्या शहीद भावाच्या फोटोखाली दिलेला तुमचा शब्द खोटा होता?" मला वाटलं, आता तुम्ही गप्प बसाल. तुम्ही म्हणालात, "व्हय, खोटा हुता. पोरानं न्हाईच सांगितलं हुतं. मी त्येला न इचारता त्येच्या तोंडानं बोललो." बाकावर ते पाचजण बसले होते. त्यातला एक हसला. तुम्ही त्याच्याकडं पाहिलंत आणि पुन्हा तेच सगळं सावकाश म्हणालात, लिहून घेणाऱ्याला नीट ऐकू जावं म्हणून. मला तेव्हा रडू आलं. कुतुबुद्दीनलासुद्धा आलं, तो चष्मा पुसत होता.

निकालपत्रात माझ्या निबंधाबद्दल काही नाही. खरा की खोटा, बोलावा की बोलू नये, काही नाही. चौकशी न करता काढलं म्हणून परत घ्या, एवढंच. कुतुबुद्दीन म्हणतो, कायद्याला एवढंच विचारता येतं.

आईला नमस्कार.

कृष्णात


सांगली
२८ ऑक्टोबर १९७९

तीर्थरूप तात्यांस नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला.

दुसऱ्या भागाचं विचारलंत. सांगतो. रुजू झालो त्या दिवशी बापूसाहेबांनी मला हार घातला. "झालं गेलं गंगेला मिळालं," म्हणाले. सगळे प्राध्यापक टाळ्या वाजवत होते. मग वेळापत्रक हातात आलं. सहकार दुसऱ्याकडं गेलाय. मला पहिल्या वर्षाचा वाणिज्य भूगोल आहे. देशोदेशी काय पिकतं ते सांगायचं. त्याविरुद्ध कायद्यात काही नाही, विषय वाटणं हा प्राचार्यांचा अधिकार. वर्गात एक माणूस मागच्या बाकावर येऊन बसतो, ऑफिसातला आहे. काही बोलत नाही. माझ्याबरोबर शेतं हिंडलेल्या मुलांपैकी दोघांच्या घरच्या उसाला यंदा तोड मिळणार नाही अशी बोलवा आहे. एकाची आई घरी येऊन शालनजवळ बसून गेली.

येत्या डिसेंबरात विद्यापीठानं दुसरा भाग वाचायला बोलावलं होतं. तब्येतीचं कारण कळवलं. सध्या तरी. कागद जपून ठेवलेत. योग्य वेळ आली की बोलेन. तुम्ही व्यवहारी आहात, तुम्हाला समजेल. उगाच शिंगावर घेण्यात अर्थ नाही, हे मला तुम्हीच सांगितलं होतं.

शालनला दिवस गेलेत. मार्चमध्ये बाळंत होईल. आईला सांगा.

कृष्णात


माळवाडी
९ नोव्हेंबर १९७९

कृष्णात,

शालनची बातमी आईला सांगितली. ती येत्या आठवड्यात डिंकाचे लाडू घेऊन तिकडं येतेय. मी येत नाही.

तुझी तब्येत कशी आहे? विद्यापीठाला कळवलीस तशी, की बरी?

गेल्या महिन्यात वाडीत हरणाबाईच्या बांधाचा निवाडा झाला. देवळात पाच माणसं बसली. मी घरी होतो. बोलावणं आलं नाही. दुसऱ्या दिवशी निवाड्याला बसलेला वाडीतला गुंडा म्हणाला, "तात्या, राग मानू नगा. तुमीच कोर्टात म्हनलासा न्हवं, माझा शबुद खोटा हुता म्हनून." मी राग मानला नाही. तो बरोबर बोलला. खोटा म्हटलं ते माझ्याच तोंडानं, दोनदा, सावकाश. सांगलीच्या बाकापासून लोणंदच्या बाजारापर्यंत ते पोचलंय. आप्पासो आता मला बघून गोणीवरून उठून दुसरीकडं बसतो.

तुला वाटेल, म्हातारा याचं दुःख करतोय. करतोच. पण मी तिथं तुझ्या पगारासाठी उभा राहिलो नव्हतो. पगारासाठी मी फेटा ठेवला होता, तेवढ्यानं भागलं असतं तरी मला चाललं असतं. तू म्हणालास, मला ते बोलायचंय, त्यासाठी मागतोय. तुझ्या पत्रातलं ते वाक्य मी येताना एसटीत म्हणत आलो. त्या वाक्यापायी मी अर्जुनाच्या नावानं दिलेला शब्द मोडला. तुझं म्हणणं होतं, माझं तोंड मला आहे. मला वाटलं, असेल. आपणच त्याच्या तोंडावर हात ठेवून बसलोय. हात काढला. आता तू म्हणतोस तब्येत बरी नाही.

त्या दोन पोरांच्या उसाला तोड मिळणार नाही याची भीती तुला खरंच वाटत असेल, तर तोच तुझा दुसरा भाग आहे. मला मेल्याला सहकार कळत नाही, पण एवढं कळतं. आणि मी व्यवहारी आहे असं परत लिहू नकोस. मी व्यवहार केला तेव्हा तू मला किती सुनावलंस ते माझ्याजवळ आहे.

सुनेला जप. जड उचलू देऊ नकोस. बाळंतपणाला तिला इकडं पाठव, आई सगळं करेल. तूही ये, तुझं घर आहे, आईला भेट, नातवाला खेळव. पण माझ्याशी काही बोलायचं असलं, तर आधी तो दुसरा भाग वर्गात बोलून ये.

नाथाजी भोइटे